आधी कोर्स की आधी शाळा?

पत्र:

ताई, माझं वय ३६, राहणार इचलकरंजी. बारावी कला शाखेतून झाले, ५४ टक्के. सहा वर्षं एका बालवाडीत मदतनीस होते, लॉकडाऊनमध्ये ती बंद पडली. माझ्या नणंदेचा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. गेली दोन वर्षं दुपारचा तो माझ्याकडेच असतो. त्याच्या शाळेने आता सांगितलंय की 'शॅडो टीचर आणा, तरच वर्गात बसवू'. म्हणजे वर्गात फक्त त्याच्या मदतीला बसणारं माणूस. नणंद म्हणते, 'वहिनी, तूच का येत नाहीस?' मलाही हे काम मनापासून करायचंय, फक्त भाच्यासाठी नाही, पुढेही. ऑनलाइन एक सहा आठवड्यांचा 'सर्टिफाइड शॅडो टीचर' कोर्स दिसला. रविवारपर्यंत भरले तर फी ३८ हजार, नंतर ४५. तो करू का? माझ्याकडे दाखवायला अनुभव नाही, तो कुठे मिळेल? आणि एक विचारायची लाज वाटते. मागच्या महिन्यात मोबाइल काढून घेतला म्हणून तो मला कडकडून चावला, आणि मी त्याच्या हातावर फटका मारला. माझ्यासारखीने हे काम करावं का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही लाजत विचारलाय, पण मला तोच सगळ्यात मोलाचा वाटला. त्याचं उत्तर शेवटी देते, कारण मधल्या काही गोष्टी वाचल्यावर ते नीट पोचेल. आधी रविवारचं बघू.

३८ हजार भरू नका. निदान यंदा तरी नको. मी त्या कोर्सवाल्यांना ओळखत नाही आणि ते वाईट शिकवतात असं माझं म्हणणं नाही. पण आपल्या देशात 'शॅडो टीचर' म्हणून कुणाची नोंदणी होत नाही. भारतीय पुनर्वास परिषद, जिला या क्षेत्रात सगळे आरसीआय म्हणतात, ती १९९२च्या कायद्याने आली. विशेष शिक्षक, ऑडिऑलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशा व्यावसायिकांची नोंद ती ठेवते. विशेष शिक्षिका म्हणून काम करायचं तर परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम पुरा करून तिच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं. नोंद नसताना तसं काम करणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. वर्गातल्या मदतनिसाला मात्र अशी नोंद नाही. म्हणून त्या जाहिरातीतल्या 'सर्टिफाइड' शब्दाचं वजन त्या संस्थेपुरतंच आहे. कोर्स केल्यावर तुम्ही मदतनीसच असाल आणि आत्ताही मदतनीस होऊ शकता.

त्यांना फोन करून एकच विचारा: या सहा आठवड्यांत मी किती तास प्रत्यक्ष मुलांबरोबर असेन आणि माझं काम बघून मला कोण सांगेल? उत्तर 'व्हिडिओ आहेत, असाइनमेंट आहेत' असं आलं, तर पैसे मुठीत ठेवा. या कामात मी एकतीस वर्षं काढली, असे कोर्स केलेल्या बऱ्याच जणी माझ्याकडे कामाला आल्या. मेल्टडाउन, सेन्सरी, रीइन्फोर्समेंट हे सगळे शब्द त्यांना येत होते. मुलाने चड्डीत शी केली की मात्र त्या दाराकडे बघायच्या. त्यांचा दोष नव्हता, ते त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

तेव्हा माझा क्रम असा आहे: आधी शाळा, मग कोर्स.

तुमच्यापासून तासाभरावर कोल्हापूर आहे. बौद्धिक अक्षम मुलांसाठी तिथे चेतना अपंगमती विकास संस्थेची शाळा आहे. शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठी नसीमा हुरजूक यांनी १९८४मध्ये उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्थाही तिथलीच. इचलकरंजी-सांगली पट्ट्यातल्या विशेष शाळांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात मिळेल. शाळा सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की जा. पहिल्या आठवड्यात तिथे नवीन मुलांची रडारड असते, कुणाला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. मुख्याध्यापिकांना सरळ सांगा: मी सहा वर्षं बालवाडीत मदतनीस होते, मला हे काम शिकायचंय, तीन महिने आठवड्यातून तीन दिवस बिनपगारी येते, पण मला एका ताईंच्या हाताखाली द्या आणि माझं काय चुकतं ते सांगा. शेवटचं वाक्य विसरू नका. नुसतं 'सेवा करायला येते' म्हणालात तर वाढदिवसाला फुगे बांधायला बोलावतील. आधार कार्ड, दोन फोटो आणि बालवाडीच्या जुन्या बाईंचं चार ओळींचं पत्र बरोबर न्या. पोलीस पडताळणीचा दाखला मागितला तर राग मानू नका. जी शाळा तो मागते ती मुलांना जपते.

आणि अनुभव नाही असं परत कुठे लिहू नका. सहा वर्षं तुम्ही तीन-चार वर्षांच्या मुलांची नाकं पुसलीत, चपला घातल्यात, वीस मुलांचे डबे उघडून दिलेत. या कामाचा निम्मा पाया तोच आहे.

पहिल्या महिन्यात तुमच्याकडे काय येईल ते सांगते, म्हणजे निराशा होणार नाही. डबा, हात धुणं, शौचालय, बटणं, चपला. पाटी-पेन्सिल जवळपास नाहीच. पुष्कळ जणींना वाटतं, आपल्याला आयांचं काम दिलं. पण विशेष शाळेत हेच शिक्षण असतं. अकरा वर्षांच्या मुलीला लघवी लागली हे सांगता यायला लागलं की तिच्या घरच्यांचा लग्नाला जाण्याचा, एसटीने प्रवास करण्याचा मार्ग मोकळा होतो. तो धडा कुठल्याही कवितेपेक्षा मोठा आहे.

हे शिकवायची एक रीत आहे, ती तिथल्या ताईंकडून हाताने शिकून घ्या. चड्डी घालणं हे आपल्याला एक काम वाटतं. कागदावर मांडलं तर ती सात-आठ कामं निघतात: चड्डी हातात धरणं, पुढची बाजू ओळखणं, बसणं, एक पाय, दुसरा पाय, उभं राहणं, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. आता गंमत अशी की ही पुष्कळदा शेवटून शिकवतात. सगळं आपण करायचं, फक्त शेवटची चार बोटं चड्डी वर ओढायचं काम मुलाचं. ते जमलं की मांडीपासून वर, मग गुडघ्यापासून. यामुळे प्रत्येक वेळी काम पुरं करण्याचा आनंद मुलाला मिळतो. सुरुवातीपासून शिकवलं तर पहिल्याच पायरीला अडखळून त्याला रोज 'जमलं नाही' हेच कळत राहतं. भाच्याला चपलेचा पट्टा लावायला शिकवताना हे करून बघा. पट्टा कडीतून घालून, जवळजवळ चिकटवून ठेवा आणि शेवटचं दाबणं त्याच्यावर सोपवा.

आता माझी एक चूक सांगते, कारण या कामातलं सगळ्यात अवघड जे आहे ते मला त्या चुकीने शिकवलं.

मी नवी होते. सहा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे होता, हातात ताकद होती पण लिहायचा नाही. मी रोज शेजारी बसून त्याचं मनगट धरून अक्षरं गिरवून घ्यायची. वही सुंदर भरत गेली. आई खूश, शाळा खूश, मीही खूश. दिवाळीच्या आधी मला टायफॉइड झाला आणि मी तीन आठवडे गेले नाही. परत आले तेव्हा वर्गशिक्षिकेने सांगितलं, तो रोज वही उघडतो, पेन्सिल बोटांत धरतो आणि हात बाकावर ठेवून बसून राहतो. मनगट धरायला कुणीतरी येईल म्हणून वाट बघतो. मी त्याला लिहायला शिकवलं नव्हतं, मनगट पुढे करायला शिकवलं होतं. पाच महिने.

मदतनिसाची खरी परीक्षा आपण किती करतो यात नसते, किती कमी करत गेलो यात असते. मदतीच्या पायऱ्या असतात. पूर्ण हात धरणं, नुसतं कोपराला बोट लावणं, स्वतः करून दाखवणं, बोटाने खूण करणं, चित्र दाखवणं, आणि शेवटी काहीही न करता मनात दहा आकडे मोजणं. मुलाला जितकी लागते तितकीच द्यायची आणि दर आठवड्याला एक पायरी खाली उतरायचा प्रयत्न करायचा. यात बोलून सांगण्याचा मोह फार आवरावा लागतो. 'वही काढ, पान उलट, इकडे बघ, लिही ना' अशी पुटपुट सोपी असते, पण ती सोडवणं हात सोडवण्यापेक्षा कठीण जातं. मुलाला कानाशी आवाज असल्याशिवाय काही सुरूच करता येत नाही. बाईंनी सगळ्या वर्गाला 'वह्या काढा' म्हटलं की तुम्ही ते परत म्हणू नका. थांबा. त्याने शेजारच्या मुलाकडे बघितलं, तर त्या मुलाच्या वहीकडे बोट दाखवा. एवढंच.

बसायची जागाही याच हिशेबाने ठरते. पहिले काही दिवस शेजारी, मग थोडं मागे, मग खिडकीपाशी, मग अधूनमधून दुसऱ्या मुलांना मदत करत. चोवीस तास चिकटलेली ताई दिसली की बाकीची मुलं त्या मुलाशी बोलत नाहीत, ताईशी बोलतात. 'ताई, त्याला पाणी पाहिजे का?' अशा वेळी म्हणायचं, 'त्यालाच विचार.' वर्गशिक्षिकेच्या बाबतीतही तसंच. तुम्ही चांगलं काम करायला लागलात की हळूहळू तो मुलगा 'तुमचा' होतो, बाई त्याची वहीसुद्धा बघेनाशा होतात. हे होऊ देऊ नका. शिकवणं बाईंचं, तपासणं बाईंचं. तुम्ही वही घेऊन मुलालाच टेबलापाशी पाठवा.

दुसरी शिकण्याची गोष्ट म्हणजे नोंद. शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक मोठ्या प्रसंगाच्या तीन गोष्टी लिहा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. वेळ टाका. 'चिडला', 'हट्टीपणा केला' असले शब्द लिहायचे नाहीत, डोळ्यांना दिसलं तेच लिहायचं. 'कान दाबले, बाकाखाली गेला, तीन मिनिटं ओरडला' असं. माझ्या हाताखालच्या एका मुलीने असं नऊ दिवस लिहिलं. शाळेचं म्हणणं होतं की मुलगा कारण नसताना आकांत करतो. वहीत दिसलं की नऊपैकी आठ दिवस वेळ एकच होती, मधल्या सुट्टीच्या एक-दोन मिनिटं आधी. त्या शाळेत अजून लोखंडी टोल होता आणि तो याच वर्गाच्या भिंतीला टांगलेला. घड्याळ त्याला कळत नव्हतं, पण शिपाईकाका व्हरांड्यातून यायला लागले की त्यांची चप्पल त्याला ऐकू यायची. मग सुट्टीच्या पाच मिनिटं आधी ती त्याला पाण्याच्या बाटलीचं चित्र दाखवायची आणि दोघं लांबच्या नळावर बाटली भरायला जायची. दोन आठवड्यांत ओरडणं जवळजवळ थांबलं. हे कुठल्याही थेरपिस्टने केलं नाही, बारावी झालेल्या मदतनिसाने आणि तिच्या वहीने केलं. मला तिचा आजही अभिमान वाटतो.

शरीराची काळजी घेण्याच्या काही गोष्टी मात्र वहीवर भागत नाहीत, शाळेतल्या नर्सबाई किंवा फिजिओथेरपिस्टसमोर करून बघायला हव्यात. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, घड्याळ बघायचं. दातांत चमचा घालायचा नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांपुढे गेली तर १०८. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसलेल्या मुलाला भरवताना त्याला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, तुम्ही त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. आडवं करून किंवा मान मागे टाकून भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. उचलताना गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. पाठ एकदा गेली की हे काम संपतं, माझ्या दोन मैत्रिणींचं संपलं.

शौचालयात नेण्याचे नियम शाळेकडून लेखी मागून घ्या: कोण नेणार, दुसरं मोठं माणूस हाकेच्या अंतरावर असणार की नाही, मोठ्या मुलाला कोण नेणार. हे मुलाच्या रक्षणासाठी आहे आणि तुमच्याही. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याच्यावर अत्याचार झाला तर तो सांगू शकत नाही. अंगावर खुणा, अचानक एखाद्या माणसाची भीती, कपडे काढू न देणं, असं काही दिसलं तर गप्प बसू नका. २०१२च्या पोक्सो कायद्याने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने, अशी शंका पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक पाठ ठेवा. आणि मुलाचा फोटो कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, कौतुकाचा असला तरी नाही.

तीन महिने झाले आणि मन अजून तिथेच असलं, की मग कोर्सचा विचार करा. बारावीला ५४ टक्के आहेत म्हणजे विशेष शिक्षणाच्या डी.एड.ला लागणारे ५० तुमच्याकडे आहेत. दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, आरसीआय मान्य, आणि तो वेगवेगळ्या अपंगत्वांसाठी वेगळा असतो: श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता (स्वमग्नता यातच येते) असा. कुठला घ्यायचा ते तीन महिन्यांत तुम्हालाच कळेल. हा पूर्ण वेळ करावा लागतो, घर सांभाळून जड जातो, पण त्याने तुमचं नाव नोंदवहीत लागतं आणि तुम्ही विशेष शिक्षिका होता. तितकं शक्य नसेल तर परिषदेचा सहा महिन्यांचा समुदायाधारित समावेशक विकास, म्हणजे सीबीआयडी नावाचा अभ्यासक्रम २०२१मध्ये सुरू झाला. गावपातळीवर काम करणाऱ्या 'दिव्यांग मित्रां'साठी तो आहे. काळजीवाहकांसाठीही प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतात. कुठेही पैसे भरण्याआधी परिषदेच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी जुळवा: संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे. संस्थेला एका अभ्यासक्रमाची मान्यता असते आणि ती दुसराही खपवते, असं होतं. माहिती हवी असेल तर राष्ट्रीय संस्थांना विचारा. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, ती श्रवण आणि वाणीदोषांची. बौद्धिक अक्षमतेवरची राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे, तिचं केंद्र नवी मुंबईत आहे.

नोकरीचं चित्र आहे तसं सांगते. सरकारी शाळांत समग्र शिक्षा अभियानाखाली विशेष शिक्षक असतात, पण एका शिक्षकाकडे अनेक शाळा. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केंद्र सरकार नियम करेपर्यंत, प्रमाण ठरवून दिलं होतं: बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता असलेल्या ५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, सेरेब्रल पाल्सीच्या ८ मुलांमागे एक, आणि अंधबधिर किंवा एकाहून जास्त अपंगत्वं असलेल्या २ मुलांमागे एक. २०२४मध्ये आपल्या राज्याने केंद्रस्तरावर, म्हणजे जवळच्या शाळांच्या एकेका गटासाठी, विशेष शिक्षकांची ४,८६० पदं मंजूर केली. ही सगळी पदं नोंदणी असलेल्या शिक्षकांची आहेत. वर्गात दिवसभर बसणाऱ्या मदतनिसाचं पद जिल्हा परिषदेच्या शाळेत शोधू नका, तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाच्या घरी मदतनीस भत्ता मिळतो तेवढंच. बाकी काम आहे ते खासगी विशेष शाळांत आणि शहरातल्या खासगी शाळांत शॅडो टीचर म्हणून. तिथे पगार बहुतेक वेळा पालक देतात, शाळा फक्त वर्गात बसू देते. पीएफ नाही, मे महिन्याचे पैसे नाहीत, मुलगा आजारी पडला की तुमचा दिवस बुडाला.

म्हणून काम धरण्याआधी एक पानभर लिहून घ्या. तास किती. सुट्टीचे आणि मुलाच्या आजारपणाचे पैसे मिळणार का. शाळेत तुम्ही कुणाला जबाबदार. घरी सोडणं, कपडे धुणं यात येतं का. सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं. आणि दर महिन्याला पालक, वर्गशिक्षिका आणि विशेष शिक्षिका एकत्र बसून मुलाच्या वैयक्तिक शिक्षण योजनेवर तुमच्याशी बोलतील, हेही त्यात घाला. हे लिहून मागणं उद्धटपणा नाही. ज्या घरी त्याचं वाईट वाटेल तिथे पुढे तुमचेच हाल होतात.

भाच्याबद्दल. त्याच्या शाळेत तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. घरात तुम्ही त्याची मामी आहात, दुपारचा वरणभात आणि मांडी तुमची. तीच मामी वर्गात आली तर त्याला शाळा हे वेगळं ठिकाण आहे हे कळायला जास्त वेळ लागेल, आणि तुम्हालाही त्याला अडखळताना बघून हात मागे घेणं जड जाईल. शिवाय पगार नणंदेकडून घ्यायचा, चुका नणंदेला सांगायच्या, हे नात्याला सोसत नाही. दुसऱ्याच्या मुलावर काम शिका, भाच्याला त्याचा फायदा घरी आपोआप होईल. तोवर नणंदेला सांगा की शाळेकडून ती अट लेखी मागून घे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा म्हणतो की शासनमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यावी. पालकांनी पदरचं माणूस आणलं तरच वर्गात बसवू, ही अट त्यात बसत नाही. लेखी मागितलं की पुष्कळ शाळा बोलायला बसतात. भांडायला म्हणून नको, बोलायला म्हणून जा.

आता तो फटका.

तुम्ही मारलं, ते चूक होतं. शाळेत तसं झालं असतं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे ती शिक्षा ठरली असती आणि तुमचं काम गेलं असतं, जायलाच हवं होतं. पण ज्या बाईला महिन्याभरानंतरही ते टोचतंय आणि जी ते अनोळखी माणसाला लिहून विचारते, तिने हे काम सोडावं असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटते ती 'या मुलांना थोडा धाक लागतोच' असं सहज बोलणाऱ्यांची. अशा दोघींना मी काढून टाकलंय.

त्या प्रसंगाला वही लावून बघा. आधी काय झालं: चालू असलेला मोबाइल एकदम हातातून गेला. तुमच्यासाठी तो मोबाइल होता, त्याच्यासाठी तेव्हाचं सगळं जगच अचानक बंद झालं, आणि 'अजून थोडा वेळ' म्हणायला त्याच्याकडे शब्द नव्हते. त्याने दात वापरले. पुढच्या वेळी मोबाइल देतानाच घड्याळाचा गजर लावा आणि गजर त्याला दाखवा. दोन मिनिटं उरली की पुढे काय आहे त्याचं चित्र समोर ठेवा, खाऊचं किंवा झोपाळ्याचं. पहिले काही दिवस गजर झाला तरी त्रास होईल, पण तो मोबाइलवर होईल, तुमच्यावर कमी. आणि तो चावलाच, तर हात मागे ओढू नका, त्याने कातडी फाटते. हात किंचित त्याच्या तोंडाकडे दाबा, जबडा आपोआप सैल पडतो. जखम साबणाने धुवा, रक्त आलं असेल तर डॉक्टरांना दाखवा.

राहिला तुमचा राग. तो येणार. मला एकतीस वर्षं आला. शाळेत पहिल्याच दिवशी ताईंना सांगून ठेवा की माझा हात उचलला जाईल असं वाटलं तर मी 'पाणी' म्हणेन, तेव्हा तुम्ही मुलाला घ्या. आमच्या शाळेत हा शब्द सगळ्यांना माहीत होता, अगदी शिपाईमामांनाही. कुणी 'पाणी' म्हटलं की दुसरी काही न विचारता पुढे यायची आणि पहिली बाहेर जाऊन खरोखरच ग्लासभर पाणी प्यायची. परत आल्यावर त्यावर चर्चा नसायची, वहीत वेळ तेवढी लिहायची. घरी तुमच्याजवळ दुपारी सासूबाई असतील, शेजारची कुणी असेल, तिला हा शब्द आजच सांगून ठेवा.